ऑर्किड वापरून बघितलं: पेपर आपोआप चढतात, रिपोर्टसाठी मात्र हात चालवावा लागतो

मी कम्युनिटी हेल्थमध्ये काम करते, म्हणजे योजना कागदावर कशी असते आणि लोकांच्या दारापर्यंत पोचेस्तोवर तिचं काय होतं ते बघायचं. माझं नाव आजवर तीन प्रकारे छापलं गेलंय, लग्नाआधीचं आडनाव, नंतरचं, आणि एका पेपरवर नुसती आद्याक्षरं. एका प्रोफाइलच्या साइटवर तर माझ्या नावाखाली मातीच्या केमिस्ट्रीचे दोन पेपर येऊन बसले होते, आणि ते मला कळलं कधी, तर मुलाखतीत समोरच्यांनी विचारलं तेव्हा. खूप वाईट वाटलं. त्यानंतर ऑर्किड मनावर घेतलं, म्हणजे संशोधकाचा कायमचा ओळख नंबर आणि त्याखाली त्याच्या कामाची ऑनलाइन यादी.

२०१२ पासून चालू आहे, ना-नफा संस्था चालवते, संशोधकाला पैसे पडत नाहीत. १६ आकडी नंबर मिळतो, शेवटी कधी कधी एक्स असतो, ती चूक नाही, तो तपासणीचा आकडा आहे. नाव बदला, नोकरी बदला, नंबर तोच. जुनी नावंही खाली टाकता येतात.

सगळ्यात आवडलेली गोष्ट, जर्नलला पेपर पाठवताना हा नंबर जोडला आणि क्रॉसरेफला, म्हणजे प्रकाशकांच्या पेपरांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेला, एकदा परवानगी दिली की पुढचे पेपर छापून आल्यावर आपोआप रेकॉर्डमध्ये येतात, अर्थात प्रकाशकाने नंबर पुढे पाठवला असेल तर. एकच पेपर दोन ठिकाणांहून आला आणि डीओआय, म्हणजे त्या पेपरचा कायमचा ऑनलाइन ओळख नंबर, सारखाच असला तर दोन्ही नोंदी एकाखाली जातात.

पण आमच्या कामातलं निम्मं जर्नलमध्ये नसतंच ना. मूल्यमापनाचे रिपोर्ट, पॉलिसी ब्रीफ, ट्रेनिंगचं मॅन्युअल, ज्यावरून खरं म्हणजे अंमलबजावणीत बदल होतात, त्यांना बहुतेक वेळा डीओआय नसतो, म्हणून ते एकेक करून हाताने भरावे लागतात. मी एक अख्खी दुपार घालवली, शीर्षक, वर्ष, प्रकार, लिंक, परत पुढचा. त्यातही तीन जुन्या रिपोर्टच्या लिंक मेलेल्या निघाल्या, संस्थेची वेबसाइटच बदललेली. यावर उपाय म्हणजे झेनोडो, संशोधनाच्या फायली ठेवायचं ऑनलाइन भांडार, सर्न ही युरोपातली संशोधन संस्था ते चालवते, तिथे रिपोर्ट ठेवला की फुकट डीओआय मिळतो, आणि अपलोडच्या आधीच हा डीओआय राखून ठेवता येतो म्हणजे तो कव्हरवर छापता येतो. फक्त ज्यांनी काम दिलं त्यांची परवानगी आधी घ्या, आणि सोबत काम केलेल्यांची नावंही त्यात घाला, घरोघरी फिरून माहिती त्यांनीच आणलेली असते.

एच-इंडेक्स, सायटेशनचे आकडे, म्हणजे आपल्या पेपरचा संदर्भ इतरांनी किती वेळा दिला याची मोजमापं, ऑर्किडवर दिसत नाहीत, मला तेच बरं वाटतं. एखाद्या रिपोर्टमुळे औषध वाटपाचा फॉर्म चार पानांचा एक पानाचा झाला तर ते कुठल्याच सायटेशनमध्ये मोजलं जात नाही, आणि निवड समितीने यादी तरी नीट वाचावी एवढीच माझी इच्छा आहे.

आणि हो, प्रत्येक नोंद कोणाला दिसेल ते ठरवता येतं, तेवढं बघून घ्या. ईमेलही दोन टाका, एक ऑफिसचा आणि एक स्वतःचा, नोकरी सोडली की ऑफिसचा बंद होतो आणि पासवर्ड विसरलात तर स्वतःच्याच रेकॉर्डमध्ये शिरणं अवघड होऊन बसतं.