कार एसीचा गेज सेट: दहा महिने वापरून झाल्यावर

गॅस घरीच भरता यावा म्हणून मार्चमध्ये हा सेट घेतला. दाब दाखवणारा दोन घड्याळांचा गेज, तीन होज (नळ्या), डब्याला लावायचा व्हॉल्व्ह आणि आर१३४ए गॅसचे दोन डबे. दहा महिन्यांत गॅस एकदाच भरला, तोही ऐंशी ग्रॅम, आणि तोसुद्धा भरायला नको होता. पैसे वसूल झाले ते काटे बघण्यात.

आईला महिन्यातून दोनदा मिरजेला दवाखान्यात न्यावं लागतं, अपॉइंटमेंट बहुतेक दुपारची. सांगलीच्या एप्रिलमध्ये एसीशिवाय तिला नेणं मला जमत नाही. गाडी अकरा वर्षांची. आदल्या वर्षी गॅरेजमध्ये दोनदा गॅस भरून घेतला आणि दोन्ही वेळा तीन महिन्यांत हवा कोमट. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, कमी झाला म्हणजे कुठूनतरी गळतोय. हे तेव्हा कुणीच सांगितलं नाही, याचा राग अजून आहे.

पहिल्या दिवशी इंजिन बंद ठेवून गेज लावला. काटा नव्वद पीएसआयच्या (दाब मोजायचं एकक) पुढे. वाटलं, गॅस भरपूर आहे. ते चुकीचं होतं. आत थोडा जरी द्रवरूप गॅस शिल्लक असला तरी बंद गाडीत दाब ठरतो तो हवेच्या तापमानावर, गॅस किती आहे यावर नाही. इंजिन दीड हजार आरपीएमवर, दारं उघडी, ब्लोअर फुल ठेवल्यावर खरं चित्र दिसलं. लो साइड, म्हणजे कमी दाबाची बाजू (निळा काटा), पंधरा-अठरा पीएसआय, म्हणजे गॅस कमी, आणि कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) दर काही सेकंदांनी कट होतोय. मी घाईने ऐंशी ग्रॅम भरले. आठवडाभर गार हवा आली, मग पुन्हा तेच. हा गॅस हवेत गेला की कार्बन डायऑक्साइडच्या चौदाशे पट उष्णता धरून ठेवतो, म्हणून ते ऐंशी ग्रॅम वाया गेल्याचं मनाला जास्त लागलं.

गळती शेवटी साबणाच्या पाण्याने सापडली. लो साइडच्या पोर्टचं (होज जोडायच्या तोंडाचं) टोपण काढून फेस लावला तर आतल्या पिनेवर बारीक बुडबुडे. पोर्टभोवती तेलकट धूळही साचली होती, गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेल बाहेर येतं त्याची ती खूण. पिन बदलायला सगळा गॅस काढावा लागतो, नंतर व्हॅक्यूमही लागतो. तेवढं मशीन असलेल्या दुसऱ्या गॅरेजमध्ये करून घेतलं आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर आहे तेवढाच गॅस वजन करून भरून घेतला.

मे महिन्यात वेगळंच. मिरज रोडला वेगात मस्त गार, विश्रामबागला सिग्नलला थांबलं की कोमट. पूर्वीचा मी असतो तर लगेच गॅस भरला असता. गेज लावला तर हाय साइड (जास्त दाबाची बाजू) तीनशेच्या वर. कंडेन्सरवर, म्हणजे गाडीच्या तोंडाशी असलेल्या, गॅस थंड करणाऱ्या जाळीवर, पाण्याची बारीक फवारणी केली आणि काटा डोळ्यांसमोर अडीचशेच्या खाली आला. म्हणजे गॅस पुरेसा होता, हवाच आत शिरत नव्हती. गळीत हंगामभर उसाच्या ट्रॉल्यांमागून गाडी चालवलेली, जाळीत पाचट आणि धूळ बसली होती. कमी दाबाच्या पाण्याने, पत्र्याच्या पात्या वाकणार नाहीत अशा बेताने धुतली. त्या दिवशी गॅस भरला असता तर दाब आणखी वाढून कॉम्प्रेसर जाऊ शकला असता.

सेटबद्दल: होज चांगले आहेत. लो साइडचा कपलर (होज पोर्टला बसवायचं टोक) सहाव्या महिन्यात सैल झाला, वॉशर बदलावा लागला. निळा काटा रिकामा असतानाही शून्यावर येत नाही, पाचवर थांबतो. तेवढे वजा करून वाचतो.

घेणार असाल तर आधी स्टिकर वाचा. त्यावर आर१२३४वायएफ (वेगळ्या प्रकारचा गॅस) लिहिलं असेल तर हा गॅस चालणार नाही. डबा हाय साइडला कधीही जोडू नका, फुटू शकतो. डबा उभाच धरा. उलटा केला तर द्रव थेट कॉम्प्रेसरमध्ये जातो. हातमोजे आणि चष्मा हवाच, हा गॅस उणे २६ अंशांना उकळतो, कातडी गोठते.

दुसरा डबा अजून सीलबंद आहे. कारखाने पुन्हा सुरू झालेत, त्यामुळे मार्चमध्ये आधी जाळी धुणार.