पणजोबांचे पणजोबा, किंमत 45,000 रुपये

उमरेडच्या एका कुटुंबाला हल्लीच एका जुन्या छापील चित्राचा फोटो आलाय. पगडी, भरघोस मिशा, कमरेला कट्यार, आणि खाली इंग्रजीत त्यांच्याच आडनावाचा कुणी सरदार. तोच चेहरा नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी आमचं आडनाव लावून येऊन बसलाय. म्हणून हे लिहितोय. 'आपले पूर्वज भोसल्यांच्या पदरी होते' असं विदर्भातल्या ज्या ज्या घरांत बोललं जातं, त्यांनी तरी वाचावं.

आमच्याकडे ते बोललं जातंच. नोव्हेंबर 1817 मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर नागपूरच्या अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची इंग्रजांशी लढाई झाली. तीत माझ्या पणजोबांचे पणजोबा होते, असं कुलवृत्तांतात छापलंय. कुलसंमेलनात त्याच्या प्रती वाटल्या, पीडीएफ तर कुठल्या कुठे पोचली. पुढे जुन्या वस्तूंचा धंदा करणाऱ्या एकाचा थोरल्या काकांना फोन आला. "काकाजी, मुंबईची पार्टी मागून राहिली. पण तुमच्या घरचा माणूस आहे, म्हणून आधी तुम्हाले सांगून राहिलो."

चित्र बघून कुणीही भुलावं असंच होतं. अशा एनग्रेव्हिंगसाठी तांब्याच्या नाहीतर पोलादाच्या पत्र्यावर रेषा कोरतात, खाचांत शाई भरतात, वरची पुसून काढतात आणि ओलसर कागद वर ठेवून दाबाखालून काढतात. पत्र्याच्या कडेचा दाब कागदावर चौकटीसारखा उमटतो, शाईची रेघ किंचित उठून राहते. इथं तेही होतं. चित्रात खोट नव्हतीच, आणि सगळी गोम तिथंच आहे. किंमत 45,000. वर 12,000 'संशोधना'चे: टाइप केलेला अहवाल, वंशावळ आणि एका मोडी कागदाची झेरॉक्स.

अहवाल आमच्या कुलवृत्तांताशी तंतोतंत जुळत होता. इतका, की आमच्या वृत्तांतात दोन भावांची नावं छापताना उलटी पडली आहेत, तीही तिथं उलटीच. दोनशे वर्षांपूर्वीच्या दप्तरात आमच्या डीटीपीवाल्याची चूक कशी गेली? म्हणजे आमचंच पुस्तक आम्हाला पुरावा म्हणून विकलं होतं, तेही 12,000 घेऊन. मोडी कागद मोडी वाचणाऱ्या एका बाईंना दाखवला. त्यांनी उभ्या उभ्या वाचला आणि हसल्या. कुणीतरी कुणाला किती मण ज्वारी दिली, त्याचा हिशेब होता. सरदार नाही, लढाई नाही, आमचं आडनाव तर नाहीच.

मग चित्र घेऊन माझ्या एका प्रेसवाल्या मित्राकडे गेलो. फ्रेमची पाठ डिंकानं पक्की बंद केलेली होती. ती त्यानं ब्लेडनं सोडवली, तेव्हा माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, दडलेली कड दिसली. पत्र्याच्या दाबाची खूण तीन बाजूंना होती, खाली नव्हती. मूळ नाव असलेली खालची पट्टी कापून टाकली होती आणि वर उरलेल्या कोऱ्या जागेत आमच्या पूर्वजांचं नाव घातलं होतं. छपाईत रंग एकमेकांवर नेमके बसलेत का ते बघायचं भिंग त्यानं आधी चेहऱ्यावर ठेवलं: स्वच्छ, सलग, कोरीव रेघा. मग नावावर ठेवलं: बारीक ठिपके आणि कडेला पसरलेली शाई. "हे इंकजेट प्रिंटरचं आहे बे," म्हणाला, आणि ओल्या कापसाचा बोळा शेवटच्या अक्षराला हलकेच टेकवला. अक्षर निळसर होऊन फुटलं. मिशीला तोच बोळा लावला, तर काहीसुद्धा झालं नाही.

शिवाय नावाखाली शहराचं स्पेलिंग आज रेल्वे स्टेशनवर आहे तेच. त्या काळचे इंग्रज 'नागपोर' असं काहीतरी लिहायचे.

जुन्या इंग्रजी पुस्तकांतली चित्रांची पानं सुटी करून विकायचा धंदा जुनाच आहे, आणि त्यात गैर काही नाही. अशी पानं एरवी दोन-तीन हजारांतही मिळतात. आमचं चित्र भाचीनं मोबाइलवर इमेज सर्चला टाकलं, तर अख्खं पान सापडलं. खाली नाव भलत्याच संस्थानच्या दिवाणाचं. ब्रिटिश म्युझियमसारख्या संग्रहालयांतली छापील चित्रंही घरबसल्या बघता येतात, तेव्हा पैसे देण्याआधी एवढं तरी करा. मला विचाराल तर शंका त्याआधीच यायला हवी. विलायतेत पत्रा कोरून घ्यायला पैसा लागे. राजे, नवाब, गव्हर्नर यांची चित्रं कोरत. शे-पन्नास स्वारांच्या मानकऱ्याचा चेहरा तिथं कोण कोरून घेणार? त्याला आधी समोर बसवून चित्र काढणारा तरी हवा ना! बहुतेक चित्रांखाली बारीक अक्षरांत डावीकडे चित्रकाराचं आणि उजवीकडे कोरणाऱ्याचं नाव असतं. ती ओळच कापलेली असेल, तर पूर्वजाचे पैसे देऊ नका, फार तर कागदाचे द्या.

पत्र्याच्या दाबाची खूण नसली म्हणजे चित्र नकलीच, असंही नाही. लाकडी ठशांवरून छापलेल्या चित्रांना ती नसतेच. 1842 पासून निघालेल्या 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'मधली जुनी चित्रं तशीच आहेत.

पैसे परत मागितल्यावर त्यानं उलट दम दिला. "शंभर वर्षांवरची वस्तू आहे. सरकारात गेलात तर जप्त होईल." काका घाबरले. पण 1972 च्या पुरावशेष कायद्यानं अशा वस्तूंचा धंदा करणाऱ्यालाच परवाना लागतो. तो परवाना मागितला, तेव्हापासून त्यानं फोन उचललेला नाही.

आता बिलाकडे बघा. त्यावर लिहिलंय, 'जुनी फ्रेम, 1 नग'. पूर्वज नाही, साल नाही, चित्रसुद्धा नाही. चित्राचे पैसे त्यानं रोखीत घेतले. संशोधनाचे 12,000 मात्र यूपीआयनं गेले, आणि 'हे तुमचेच पूर्वज, लिहून देतो' हा त्याचा व्हॉइस मेसेज काकांच्या फोनमध्ये आहे. ग्राहक आयोगात 2 वर्षांच्या आत तक्रार करता येते. आम्ही ती या दोन गोष्टींच्या जोरावर केली आहे. असा व्यवहार कुणाकडे झाला असेल, तर फ्रेम पुन्हा चिकटवू नका आणि चॅट पुसू नका.