पाळणाघरासाठी मदतनीस ठेवताना: ब्यूरो, पोलिसांचा दाखला आणि पडताळणीच्या अ‍ॅपची पारख

घरच्या हॉलमध्ये सहा-आठ मुलांचं पाळणाघर चालवणाऱ्या बाईला कधी ना कधी मदतनीस ठेवावीच लागते. शोध सुरू झाला की पर्याय भराभर समोर येतात. जवळचा आया ब्यूरो, 'व्हेरिफाइड' असं लिहून प्रोफाइल दाखवणाऱ्या वेबसाइट, पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र, सोसायटीच्या गेटवरचं अ‍ॅप, पैसे घेऊन माहिती काढून देणाऱ्या कंपन्या. प्रत्येकाचं म्हणणं एकच, 'माणूस तपासलेला आहे.' पण कोणी नाव तपासलेलं असतं, कोणी पत्ता, कोणी पोलिसांकडची नोंद. मुलांशी ती बाई कशी वागते, हे यातल्या कोणीच तपासलेलं नसतं. म्हणून प्रत्येक सेवेकडून काय मिळतं आणि काय मिळत नाही, ते आधी कळायला हवं.

पडताळणी ही आपल्या मर्जीची बाब नाही. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२ चा, आणि त्याखालच्या २०२० च्या नियमांत शाळांबरोबर पाळणाघरांचाही स्पष्ट उल्लेख आहे. मुलांच्या संपर्कात येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची, कायम असो की कंत्राटी, पोलीस पडताळणी करायची आणि ती ठरावीक काळाने पुन्हा करायची, असं तो नियम सांगतो. 'आमचं घरगुतीच आहे' म्हणून यातून सुटका करून घेऊ नये. स्वयंपाकाला येणारी, लादी पुसणारी, मुलांना रिक्षातून आणणारा, हे सगळेच संपर्कात येतात. २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात आरोपी होता तो कंत्राटी सफाई कामगार.

पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र

सगळ्यांत भरवशाचा कागद हाच, पण त्याच्या मर्यादा ओळखून. महाराष्ट्र पोलिसांच्या ऑनलाइन सेवेवर अर्ज होतो. अर्जदार ती मदतनीस स्वतः असते, त्यामुळे मोबाइल नंबर तिचाच द्या. एजंट बहुतेकदा स्वतःचा नंबर टाकतात, मग पोलीस ठाण्याचा फोन तिला येतच नाही आणि अर्ज पडून राहतो. फोटो, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा लागतो. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांचं घोडं पत्त्याच्या पुराव्यावरच अडतं, कारण आधारवर गावचा पत्ता असतो आणि भाडेकरार नोंदवलेला नसतो. त्यामुळे अर्जाआधी घरमालकाशी बोलून करार मार्गी लावा. नोकरीचं कारण म्हणून तुमच्या पाळणाघराचं सही-शिक्क्याचं पत्र जोडा आणि त्यात काम मुलांशी संबंधित आहे हे स्पष्ट लिहा. शुल्क तुम्ही भरा. ते तिच्या पगारातून कापू नये.

एक गोंधळ फार ठिकाणी दिसतो. घरकामगाराची माहिती आणि फोटो पोलीस ठाण्यात जमा केल्यावर पोच मिळते, त्यावर शिक्काही असतो. लोक ती पोच फाइलला लावतात आणि पडताळणी झाली असं समजतात. ती फक्त माहिती दिल्याची पोच. चारित्र्य प्रमाणपत्रासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. ब्यूरोवाल्याने कागद पुढे केला की तो यातला कोणता, हे आधी वाचा.

दुसरी अडचण नावाची. लग्नानंतर आडनाव बदलतं, कित्येकदा पहिलं नावही बदलतं. सासरच्या नावाने केलेल्या शोधात माहेरच्या नावावरची नोंद सापडेलच असं नाही. शाळा सोडल्याचा दाखला मागा आणि दोन्ही नावं, शिवाय कायमचा आणि सध्याचा असे दोन्ही पत्ते अर्जात येतील असं बघा. दोन वर्षांपूर्वी नांदेडहून पुण्याला आलेल्या बाईबद्दल इथल्या ठाण्याला फारसं माहीत नसणार. गावच्या पोलीस पाटलांना केलेला एक फोन अशा वेळी फार उपयोगी पडतो.

प्रमाणपत्र चोख असलं तरी त्याचा अर्थ 'या तारखेपर्यंत पोलिसांकडे नोंद नाही' एवढाच. मुलांवरचे अत्याचार पुष्कळदा पोलिसांपर्यंत पोचतच नाहीत. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय सूची २०१८ पासून आहे, पण ती फक्त तपास यंत्रणांना पाहता येते. 'आम्ही त्या यादीत नाव तपासतो' असं एखादी खासगी एजन्सी म्हणाली, तर तिच्या बाकीच्या बोलण्यावरही विश्वास ठेवू नका.

आया ब्यूरो

तातडीची गरज असेल तेव्हा ब्यूरो माणूस लवकर देतो, आणि मुख्य सोय तीच. पाळणाघरासाठी मात्र आमचं मत फारसं अनुकूल नाही, आणि त्याला दोन कारणं आहेत.

पहिलं, ब्यूरोंकडच्या बहुतेक मावशी बाळ-बाळंतिणीच्या किंवा घरच्या रुग्णाच्या कामाला सरावलेल्या असतात. एका बाळाची मालिश-अंघोळ उत्तम करतील, पण एकाच वेळी एक रांगतंय, एक चावतंय आणि एकाने शी केली आहे, ही वेळ त्यांच्यावर आलेली नसते. शिवाय जुन्या सवयी बरोबर येतात. नाकाकानात तेल सोडणं, राईच्या उशीवर डोकं ठेवणं, झोपत नसलेल्या बाळाला जायफळ उगाळून चाटवणं. यातली एकही पाळणाघरात चालणार नाही. तेल श्वासनलिकेत जाऊ शकतं, वर्षाखालच्या बाळाला सपाट, घट्ट गादीवर उशीशिवाय उताणं झोपवायचं असतं, आणि जायफळाचं प्रमाण चुकलं तर ते विषारी ठरतं.

दुसरं आणि मोठं कारण बदलीचं. ब्यूरो फी घेतो आणि बाई सोडून गेली तर दुसरी देण्याचं आश्वासन देतो. घात इथेच होतो. पहिल्या बाईचे सगळे कागद तुम्ही नीट तपासता, ती तीन महिन्यांनी सुट्टीवर जाते आणि सकाळी साडेआठला दारात अनोळखी बाई उभी राहते, 'ब्यूरोने पाठवलंय' म्हणत. आईवडील मुलांना घेऊन आलेले असतात, तुम्ही एकट्या असता, म्हणून तिला आत घेता. त्या क्षणापासून आधीच्या सगळ्या तपासणीचा काही उपयोग उरत नाही. करारात सरळ लिहून घ्या: 'बदली मदतनिसाचे कागद हाती आल्याशिवाय ती मुलांच्या खोलीत येणार नाही.' ब्यूरोला हे कलम मान्य नसेल तर फी भरू नका. त्याऐवजी आधीच तपासलेली, गरजेला येणारी दुसरी ओळखीची बाई तयार ठेवा. तीही नसेल, तर त्या दिवशी मुलं कमी घ्या.

फी भरण्याआधी ब्यूरोला विचारा: चारित्र्य प्रमाणपत्र मूळ स्वरूपात दाखवता का आणि त्यावर तारीख कोणती? घरी जाऊन पत्ता कोणी पाहिला? पगारातला किती भाग तिच्या हातात पडतो? तिचे मूळ कागद तुम्ही ठेवून घेतले आहेत का? शेवटच्या प्रश्नाला 'हो' आलं तर तिथून निघा. कागद अडकवलेली बाई बिकट अवस्थेत काम करत असते, आणि अशा दबावाखाली तिला मुलं सोपवणं योग्य नाही.

ब्यूरोपेक्षा चांगला मार्ग म्हणजे अंगणवाडीत मदतनीस किंवा बालवाडीत ताई म्हणून काम केलेल्या बायका. गटातल्या मुलांची सवय, हात धुण्याची शिस्त आणि रजिस्टर भरण्याचा सराव त्यांना असतो. जवळच्या अंगणवाडीत नुसतं विचारलं तरी निवृत्त झालेल्या किंवा काम सोडलेल्या एक-दोघींची नावं मिळतात.

अ‍ॅप आणि ऑनलाइन तपासणी

आधारची झेरॉक्स काही सिद्ध करत नाही. कार्डावरचा क्यूआर कोड आधारच्या अधिकृत अ‍ॅपने स्कॅन करा. त्यातलं नाव, जन्मतारीख आणि फोटो समोरच्या बाईशी आणि छापील कार्डाशी जुळायला हवा. फोटो बदलून छापलेलं कार्ड इथे लगेच उघडं पडतं. वय अठराच्या वर आहे ना, तेही बघा. प्रत ठेवायची तर पहिले आठ अंक झाकलेलं मास्क्ड आधार घ्या, त्यावर 'पाळणाघर नोकरीसाठी' असं तारखेसह आडवं लिहा.

न्यायालयातल्या खटल्यांची माहिती देणारं ई-कोर्ट्सचं सरकारी अ‍ॅप फुकट आहे आणि त्याचा वापर फार कमी होतो. राज्य, जिल्हा, न्यायालय संकुल निवडून पक्षकाराच्या नावाने शोध घेता येतो, वर्ष टाकावं लागतं. माहेरचं आणि सासरचं, दोन्ही नावं आणि इंग्रजीतली वेगवेगळी स्पेलिंगं टाकून बघा. निकाल वाचताना सांभाळा. एकाच नावाच्या कितीतरी बायका असतात. आणि नाव तिचंच असलं तरी ती आरोपी आहे की अर्जदार, ते पाहा. नवऱ्याच्या मारहाणीविरुद्ध किंवा पोटगीसाठी तिने स्वतः केलेला दावा असू शकतो. त्यावरून तिला नाकारणं हा तिच्यावर दुसरा अन्याय ठरेल.

खासगी पडताळणी कंपन्यांचा भर ओळख, पत्ता आणि न्यायालयीन नोंदी जुळवण्यावर असतो. अनेक कर्मचारी असलेल्या डे-केअरला त्या सोयीच्या. एका मदतनिसासाठी वरची दोन कामं तुम्ही स्वतः केलीत तर फारसं काही राहत नाही. पत्त्यावर माणूस पाठवतात की फक्त फोन करतात, तेवढं विचारा.

मायगेटसारख्या सोसायटीच्या अ‍ॅपवर मदतनिसाचं पान असतं. गेटवरचा पासकोड म्हणजे पडताळणी नव्हे, पण हजेरी आणि ती कोणाकोणाकडे काम करते हे कळतं. वर्षभर रोज त्याच वेळी येणाऱ्या बाईची हजेरी कुठल्याही शिफारसपत्राहून बोलकी.

आधीच्या घरी फोन

दोन तरी घरी फोन करा, पण तिने दिलेल्या नंबरावरच थांबू नका. पलीकडे नात्यातलंच कोणी असू शकतं. सोसायटीचं नाव घ्या आणि सेक्रेटरीमार्फत त्या घराशी बोला. 'चांगली आहे ना?' असं विचारलं की 'हो' येतं. त्याऐवजी विचारा: मुलाचं वय तेव्हा किती होतं? जेवत नसेल तर ती काय करायची? काम कोणी सोडलं, का? पुन्हा ठेवाल का? शेवटच्या प्रश्नाला जो थांबतो, त्याच्याशी आणखी पाच मिनिटं बोला.

पहिले दोन आठवडे

खरी परीक्षा इथे होते, आणि हे काम तुमच्याऐवजी कुठलीच सेवा करत नाही. पूर्ण पगारावर दोन आठवडे, एकदाही मुलांसोबत एकटी न ठेवता. बाटली भरण्याआधी साबणाने हात धुते का? लंगोट बदलून झाल्यावर धुते का? बाथरूममधली बादली रिकामी करून पालथी घालते का? गरम वरणाचं भांडं कुठे ठेवते? शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं छोट्यांच्या हाती देते का? वर्षाखालच्या बाळाच्या घशात काही अडकलं तर पालथं धरून पाठीवर पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मध्यावर एका तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने पाच दाब, हे तिच्याकडून बाहुलीवर करून घ्या.

सगळ्यांत जास्त लक्ष रडणाऱ्या मुलाकडे ती कशी जाते यावर ठेवा. दुपारी दोनच्या सुमाराला, जेवणं झाल्यावर, तिघं एकदम रडत असताना तिचा आवाज चढतो का, दंड धरून ओढते का, की 'बाई, मला पाच मिनिटं द्या' म्हणते? असं म्हणणारी बाई ठेवावी. आणि तशी पाच मिनिटं तिला रोज मिळतील अशी व्यवस्था करणं तुमच्याकडे. सलग नऊ तास न बसता राबणाऱ्या माणसाचा तोल जातो.

तब्येतीचा दाखला घ्या. दोन आठवड्यांहून जुना खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी मोफत होते. तान्ह्या बाळांना क्षयाचा धोका मोठ्यांपेक्षा जास्त असतो.

नियम मराठीत, एका पानावर, दोघींच्या सहीने. पालकांच्या चिठ्ठीशिवाय कुठलंही औषध द्यायचं नाही, सर्दीचं सिरपही नाही. एखादं बाळ नेहमीपेक्षा फार गाढ आणि लांब झोपू लागलं तर त्याच दिवशी कारण शोधा. लंगोट बदलताना दार उघडं. मुलांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला नाहीत. तिला भेटायला येणारे दाराबाहेर. आणि तुमच्या घरातले पुरुष, पाहुणे, कॉलेजमधला मुलगा, यांनाही मुलांच्या खोलीचा हाच नियम लागू.

कॅमेरा खेळण्या-झोपण्याच्या जागी असावा, बाथरूममध्ये आणि कपडे बदलण्याच्या जागी नाही. तिला आधी लेखी सांगा. २०१६ मध्ये खारघरच्या पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला मारहाण झाली. ती कॅमेऱ्यात टिपली गेली होती, पण चित्रण पाहिलं गेलं ते बाळ जखमी झाल्यावर. म्हणून रोज पंधरा मिनिटांचा कुठलाही तुकडा, शक्यतो दुपारी एक ते तीनमधला, बघण्याची सवय लावा.

संशय आला तर मदतनिसाला गुपचूप काढून टाकणं पुरेसं नाही. लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही पोलिसांना न कळवणं हा पॉक्सोखाली गुन्हा आहे. चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८, पोलिसांचा ११२. दोन्ही फ्रिजवर लावा, मदतनिसाला दिसतील असे. बोट तुमच्या घरातल्या माणसाकडे दाखवायची वेळ आली, तर हे नंबर तिलाही लागतील.