होम एनर्जी स्क्वाड: आमच्या घराला इतक्या फटी होत्या!

ब्लूमिंग्टनमधलं आमचं घर १९५६ सालचं. मिनेसोटाची थंडी नवी नाही मला. २०१९ च्या जानेवारीत मिनिअ‍ॅपोलिसचा पारा उणे २८ फॅरनहाइटला, म्हणजे उणे ३३ सेल्सिअसला टेकला होता, तोही हिवाळा इथेच काढलाय. पण घरातल्या थंडीचं कारण मात्र कळत नव्हतं. घर तापवणारा फर्नेस दिवसरात्र चालायचा आणि देवघरातल्या समईची ज्योत कायम एका बाजूला कललेली.

दोन वर्षांपूर्वी एका कंत्राटदाराकडून माळ्यावर १४ इंच सेल्युलोज, म्हणजे कागदापासून केलेलं इन्शुलेशन, भरून घेतलं. भरपूर पैसे गेले. तरी फेब्रुवारीत वळचणीला हातभर लांब बर्फाचे सुळके लटकले आणि हॉलच्या छताला चहाच्या रंगाचा डाग पडला. सासूबाई तेव्हा आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, बाहेर सगळं गोठलंय, मग हे पाणी आलं कुठून?" त्याचं उत्तर मला कंत्राटदाराकडून मिळालं नाही, ते मिळालं होम एनर्जी स्क्वाडच्या तपासणीत. हे लोक घरी येऊन हवा आणि उष्णता कुठून गळते ते बघतात.

वीज-गॅस पुरवणाऱ्या एक्सेल आणि सेंटरपॉइंट या कंपन्यांच्या ग्राहकांना ही सेवा मिळते. फीचा काही भाग काही शहरं उचलतात, तेव्हा आधी आपल्या शहराकडे चौकशी करा. आमच्याकडे दोघं आले. पुढच्या दाराच्या चौकटीत त्यांनी कापडी पडदा ताणून बसवला, त्यात मोठा पंखा. पंखा घरातली हवा बाहेर ओढतो, आतला दाब ५० पास्कलने उतरतो. चहूबाजूंनी ताशी ३० किलोमीटरचा वारा घरावर आदळावा, तसा परिणाम. मग जिथे फट असेल तिथून बाहेरची हवा आत घुसते.

मी उदबत्ती पेटवली आणि त्यांच्या मागोमाग घरभर फिरले. देवघरामागच्या प्लगपाशी धूर झटकन आडवा झाला. भिंतीतून वारा येत होता! समईची ज्योत कलायची ती यामुळेच. माळ्याच्या झाकणापाशी तर उदबत्तीचं टोक लालबुंद झालं.

खरा दोष मात्र माळ्यावर होता. सेल्युलोज उकरून बघितलं तर बाथरूमच्या पंख्याची नळी माळ्यातच उघडी सोडलेली, छतातल्या दिव्यांभोवती भोकं, फर्नेसच्या धुराड्याभोवती चार बोटं मोकळी जागा. फटी न बुजवता वरून नुसतं सेल्युलोज पसरलं होतं. घरातली गरम हवा वर जायची, छप्पर तापायचं, बर्फ खालून वितळायचा. ते पाणी ओघळत थंड वळचणीपाशी आलं की पुन्हा गोठायचं. तिथे बांध तयार झाला की मागचं पाणी छपराच्या शिंगलखाली शिरायचं. सासूबाईंचा प्रश्न सुटला.

हे लोक माळ्याचं काम स्वतः करत नाहीत, अहवाल देतात आणि कंत्राटदारांची नावं सुचवतात. त्या दिवशी त्यांनी दारांना पट्ट्या लावल्या, दिवे बदलले. गॅसच्या बंबाचा धूर नीट बाहेर जातो का, हेही तपासलं. घर घट्ट करायचं तर ही तपासणी हवीच, नाहीतर कार्बन मोनॉक्साइड घरात साठू शकतो.

नंतर दुसऱ्या माणसाकडून फटी बुजवून घेतल्या. धुराड्याभोवती पत्रा आणि उष्णता सोसणारं सीलंट, बाकी ठिकाणी फोम. धुराड्याला फोम लावू देऊ नका, पेट घेण्याची भीती असते. पंख्याची नळी छपराबाहेर काढली. पुन्हा तसाच पंखा लावून मोजलं तेव्हा मिनिटाला २९०० घनफूट हवा गळायची ती १८०० वर आली होती. गेल्या हिवाळ्यात सुळके बोटभर, डाग वाढला नाही.

माझं सांगणं, माळ्यावर इन्शुलेशन भरायच्या आधी ही तपासणी करून घ्या. ऑक्टोबरची गार सकाळ धरा, आतबाहेरच्या तापमानात फरक असला की उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात गार पट्टे स्पष्ट दिसतात. आणि त्याच आठवड्यात बागेची नळी काढून बाहेरच्या नळाचा आतला कॉक बंद करा. आमच्या शेजाऱ्यांचा तो पाइप गोठून फुटला होता, बेसमेंटमधला गालिचा फेकून द्यावा लागला.