डॅम्परच्या नावाखाली रबराच्या टोप्या : मोबाईल होल्डरपायी १२,७९८ रुपये गेले

मोटरसायकलच्या हँडलला लावायचा होल्डर १,४४९ रुपये, डिलिव्हरी १४९, आणि फोनचा मागचा कॅमेरा बदलायला ११,२००. एकूण १२,७९८ रुपये गेले, तेही अशा वस्तूपायी जिच्यातला मुख्य भाग मुळात नव्हताच.

जाहिरातीत लिहिलं होतं, 'ॲल्युमिनियम बॉडी, व्हायब्रेशन डॅम्परसह'. डॅम्पर म्हणजे थरथर शोषून घेणारा भाग, तो मला हवाच होता. ३५० सीसी सिंगल सिलिंडर गाडीच्या हँडलला सतत थरथर असते आणि ती फोनच्या ओआयएसला मारते. ओआयएस म्हणजे चित्र स्थिर ठेवण्यासाठी तरंगती ठेवलेली लेन्स. ॲपलनेही २०२१ मध्ये हा इशारा दिला होता: जास्त ताकदीच्या इंजिनाच्या मोटरसायकलला फोन लावूच नका, आणि मोपेड-स्कूटरला लावलात तर डॅम्परवाला माउंट वापरा. पण 'स्वस्तातलं घ्यायला गेलास' असं कुणी म्हणू नये. रस्त्यावरचा दोनशेचा होल्डर सोडून मी डॅम्परसाठीच जास्तीचे पैसे मोजले होते.

पार्सल उघडल्यावर पहिल्याच मिनिटात कळायला हवं होतं. खऱ्या डॅम्परची वरची प्लेट सिलिकॉनच्या बुशांवर, म्हणजे मऊ कड्यांवर, टांगलेली असते, धातूला धातू कुठेच टेकत नाही. अंगठ्याने रेटली की ती जराशी सरकते, सोडली की जागेवर येते. माझी तसूभरही हलली नाही. मी ती रेटून पाहिली, घट्ट लागली, आणि 'मजबूत आहे' असं समजून गाडीला बसवली! तो क्षण आठवला की आजही डोकं फिरतं. तीन आठवड्यांनी कॅमेऱ्यातलं चित्र पाण्यात पडल्यासारखं डुचमळू लागलं, फोन कानाशी धरला की आतून घरघर ऐकू यायची. मग ॲलन कीने चारही स्क्रू काढले. बुश म्हणून दिसत होत्या त्या वरून चिकटवलेल्या रबराच्या टोप्या. स्क्रू एका प्लेटमधून थेट दुसरीत आवळलेले. कडेचा काळा रंग नखाने खरवडला, तर खाली पांढरं प्लास्टिक. चुंबक लावून पारख करू नका, ते ॲल्युमिनियमलाही चिकटत नाही. कडच खरवडून बघा.

विक्रेत्याचा नंबर लगेच बंद झाला. कुरिअरवाले म्हणाले, 'आम्ही फक्त पोचवतो.' अरे, रोख पैसे तुमच्याच माणसाने घेतले ना? डबा आधी उघडू द्यायलाही त्यानेच नकार दिला होता. पोलीस ठाण्यात उत्तर मिळालं, 'वस्तू मिळाली ना? मग ग्राहक मंचात जा.' ऑनलाइन तक्रार केली, ती अकराव्या दिवशी 'विक्रेत्याशी संपर्क होत नाही' म्हणून बंद केली. संपर्क होत नाही हीच तर माझी तक्रार होती! २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्याचं नाव द्यायला हवं, ४८ तासांत पोच आणि महिनाभरात निवारण व्हायला हवं. त्या साइटवर साधा पत्ताही नव्हता. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी फी लागत नाही हे खरं, पण नोटीस कुठे पाठवायची? लेबलवर नुसता गोदामाचा क्रमांक. तो माणूस शोधून काढण्याचं काम ज्यांचं, ते मलाच शोधायला सांगतात.

पाकिटावर उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपी नसेल तर माल परत करा. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा. मी काढला नव्हता, आणि सगळ्यांनी आधी तोच मागितला. पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. 'युनिव्हर्सल' या शब्दावर जाऊ नका, हँडलची जाडी मोजा. बऱ्याच गाड्यांना २२ मिमी असते, काहींना २८. क्लॅम्पला योग्य मापाचा रबर नसेल तर तो खड्ड्यात फिरतो. आरशाच्या दांडीवर लांब दांड्याचा होल्डर लावलात तर थरथर आणखी वाढते. घरात ओआयएस नसलेला जुना फोन असेल तर नकाशासाठी तोच लावा.

तक्रार केल्यावर पाचव्या दिवशी अनोळखी नंबरवरून फोन आला, 'रिफंड हवा असेल तर क्यूआर स्कॅन करून पिन टाका.' पैसे घ्यायला पिन लागत नाही. मी फोन ठेवला.