काटोची स्विस मीटरगेज: अडीच फुटी फळीवर कुठली रेल्वे, कुठला काळ?

प्लायवूडच्या दुकानात साडेसहा बाय अडीच फुटांचा फ्लश डोअर तयार मिळतो. 1980 बाय 762 मिलिमीटर, सपाट, सहसा न वाकणारा, काम झालं की भिंतीला उभा करून ठेवता येणारा. टू-बीएचकेतल्या मॉडेल रेल्वेच्या वाट्याला याहून मोठी जागा क्वचितच येते. तेव्हा जपानच्या काटो कंपनीच्या एन-गेज (9 मिमी रुंद रुळांवरच्या छोट्या) स्विस गाड्या या फळीवर कशा उतरतात, एवढंच इथे तपासलं आहे.

फळी ठरली की निम्म्या रेल्वे आपोआप बाद होतात. काटोच्या युनिट्रॅक रुळांचं नेहमीचं वळण 315 मिमी त्रिज्येचं. आठ तुकड्यांत वर्तुळ पूर्ण होतं आणि खडीच्या पट्ट्यासकट रुंदी 655 मिमीच्या आसपास भरते. दोन्ही कडांना जेमतेम पाच-पाच सेंटिमीटर उरतात. आता याच वळणावर जपानची बुलेट ट्रेन शिंकानसेन घालून पाहा. टोकाइदो मार्गावर मूळ आखणीतली कमीत कमी त्रिज्या 2500 मीटर. शिंकानसेन मॉडेलच्या 1:160 मापात ती साडेपंधरा मीटर होते, म्हणजे बिल्डिंगचं पार्किंग लागेल. 315 वर गाडी धावते, तक्रार नाही. पण पंधरा सेंटिमीटरच्या डब्याचं पोट वळणाच्या आत आणि टोकं बाहेर लटकतात, आणि बुलेट ट्रेनची जत्रेतली आगगाडी होते.

रेटिशे बान, म्हणजे आरएचबी, इथे जिंकते. स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडन प्रांतातली ही मीटरगेज. तिच्या बेर्निना मार्गावर 45 मीटर त्रिज्येची वळणं आहेत आणि 7 टक्क्यांचा चढ, तोही दात्यांच्या रुळाशिवाय (चढावर इंजिनाचं दातेरी चाक पकडणारा मधला रूळ). या गाड्यांसाठी काटोचं माप 1:150. पंचेचाळीस मीटर भागिले दीडशे, म्हणजे 300 मिमी. खोक्यातून निघालेलं 315 चं वळण खऱ्या वळणापेक्षा थोडं ऐसपैसच पडतं! खेळण्याच्या वळणावर खरी रेल्वे मापात बसण्याचा असा योग फार थोड्या ठिकाणी येतो.

लबाडी आहे ती गेजमध्ये. मीटरगेज 1:150 मध्ये 6.67 मिमी हवा, रूळ आहे 9 मिमीचा. वरून पाहिलं तर कळत नाही, पण डोळे फळीच्या पातळीला आणले की इंजिनाखालचा रूळ पसरट दिसतो. ज्याला हे सलेल त्याने बेमो कंपनीच्या 1:87 मापाकडे जावं: तिथे 12 मिमीचा रूळ मीटरगेजच्या फार जवळ जातो आणि 1920 च्या दशकापासून आजपर्यंतचं किती तरी आरएचबी सामान निघालं आहे. पण मग तेच 45 मीटरचं वळण 517 मिमीचं होतं आणि आपली फळी पुरत नाही. खिशाचं तर विचारूच नका.

काळाची निवड लोक सर्वांत शेवटी करतात आणि घोळ तिथेच होतो. काटोच्या ग्लेशियर एक्सप्रेसच्या संचातले काचेच्या छताचे पॅनोरमा डबे 2006 चे. गाडी जून 1930 ची, म्हणजे आपल्या डेक्कन क्वीनच्याच महिन्यात सुरू झालेली. म्हणून बॉक्सवरचं नाव वाचून कुणी जुन्या काळचं स्टेशन उभारतं आणि सगळंच विजोड होतं. हे डबे घेतले की तुमचा काळ 2006 नंतरचा झाला. फलाटावरच्या मोटारी, माणसांचे कपडे, पाट्या, सगळं त्याच हिशेबात यायला हवं.

इंजिनांचे हिशेबही तारखांनीच सुटतात. जीई 4/4 टू हे इंजिन 1973 पासूनचं. पहिली दहा हिरव्या रंगात आली, पुढे लाल झाली. जीई 4/4 थ्री 1993 नंतरचं. आलेग्रा हा मोटारडब्यांचा संच 2010 च्या सुमाराचा. लाल 4/4 टू आणि पॅनोरमा डबे एकत्र चालतात. आलेग्रा आणि हिरवं 4/4 टू एकाच फलाटावर मात्र नाही, अगदी हौस म्हणूनही नाही.

याहून बारीक चूक विजेची. कूरहून आल्बुला घाटाने सेंट मॉरिट्झकडे जाणाऱ्या मार्गावर 11 हजार व्होल्ट एसी. बेर्निना घाटाने तिरानोला उतरणाऱ्या मार्गावर 1000 व्होल्ट डीसी. पॉन्त्रेसिना स्टेशनात दोन्ही प्रवाह भेटतात. इगतपुरीला एसी-डीसी इंजिनांची अदलाबदल पाहिलेल्यांना हे समजावून सांगायला नको. 4/4 टू आणि 4/4 थ्री दोन्ही एसीची इंजिनं, म्हणजे त्यांना बेर्निना एक्सप्रेसच्या डब्यांसकट बेर्निना घाटात चढवणं म्हणजे कसारा घाटात डीसी वीज होती त्या काळी एसी इंजिनाने गाडी खाली आणण्यासारखं. दोन्ही प्रवाहांवर चालतो तो आलेग्रा. एकच गाडी घ्यायची असेल तर माझं मत आलेग्राला आणि बेर्निना डब्यांना: दोन्ही घाट मोकळे राहतात आणि देखावा मनाला येईल तसा बदलता येतो.

ग्लेशियर एक्सप्रेस घेणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. आरएचबीचं इंजिन डिसेंटिसपर्यंतच. पुढे झेरमाटपर्यंत दात्यांचा रूळ येतो आणि तिथली इंजिनं माटरहॉर्न गॉटहार्ड बानची. हे नावही 2003 च्या विलीनीकरणातलं. थोडक्यात, लाल आरएचबी इंजिनामागे माटरहॉर्न शिखराचा पडदा लावू नये. ऱ्हाईनचा घळीचा प्रदेश किंवा आल्बुला घाट लावावा.

जुन्या मगरतोंड्या इंजिनांचा मोह असेल तर एक पळवाट आहे. 1920 च्या दशकातल्या जीई 6/6 वन या पंधरा इंजिनांपैकी 414 आणि 415 ही दोन हौशी गाड्यांसाठी चालू ठेवली आहेत. त्यामुळे आजच्या काळाच्या मांडणीतही मगर फिरवता येते, फक्त मागे नेहमीचे डबे न जोडता जुने पुलमन डबे जोडावे लागतात. ही मगरतोंडी इंजिनं विंटरथूरच्या एसएलएम कारखान्याची. आपल्या बोरघाटातल्या जुन्या जीआयपी रेल्वेच्या मगरींपैकी पहिल्या तिथूनच आल्या होत्या. तयार बोरघाट बॉक्समध्ये मिळत नाही म्हणून हळहळणाऱ्यांसाठी हे जवळचं नातं.

खरे पूल मापात बसवायला जाऊ नका. लांडवासर पूल 65 मीटर उंच, 136 मीटर लांब, 100 मीटर त्रिज्येचा. 1:150 मध्ये उंची 43 सेंमी आणि त्रिज्या 667 मिमी होते. ब्रुसिओचा गोल पूल 70 मीटर त्रिज्येचा, म्हणजे नुसता व्यास 93 सेंमी. फळीच 76 ची. लांडवासरच्या सहा कमानींपैकी तीन घ्या, उंची 20 सेंमीवर आणा, पण कमानींची रुंदी आणि दगडाचा पोत मापातच ठेवा. चढही खऱ्यासारखा 7 टक्के नको. सहा डब्यांना चाकं जागच्या जागी फिरतात. 3 टक्क्यांत भागवा.

रुळांची कहाणी सांध्यांपाशी, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या तुकड्यांपाशी, अडते. आरएचबी बहुतेक एकेरी मार्गाची, त्यामुळे क्रॉसिंगचा लूप हवाच. क्रमांक 6 चा सांधा 186 मिमी लांब, वळण सौम्य, भरवशाचा. क्रमांक 4 चा 126 मिमी, पण त्याच्या जिभेचं (सरकणाऱ्या रुळाचं) टोक जाड राहिलं तर पुढचं चाक त्यावर चढतं आणि गाडी घसरते. उपाय: बारीक कानस घेऊन टोक तिरकं घासायचं, जीभ रुळाला चिकटून बसली की बोट फिरवून पाहायचं, नखाला काही अडलं तर अजून घासायचं. आमच्या फळीवर सरळ भाग सव्वा मीटरचा उरतो. क्रमांक 6 वापरले तर लूपमध्ये साधारण 83 सेंमी गाडी उभी राहते, आणि ग्लेशियरचा मूळ संचाच्या तीन अधिक जोड संचाच्या चार वाहनांचा पूर्ण संच त्याहून दोन-तीन सेंमी लांब. शेवटच्या डब्याची शेपटी सांध्यावर राहते. एक डबा काढा आणि 6 च घ्या. कानस हातात धरायची सवय नसेल तर नक्कीच. क्रमांक 6 वीज फक्त लावलेल्या बाजूलाच देतो, त्यामुळे लूपमधली गाडी आपोआप थांबते. नव्याला वाटतं इंजिन बिघडलं.

रुळांना वीज देणाऱ्या पॉवर पॅकच्या अडॅप्टरवर काय छापलंय ते आधी वाचा. नुसतं 100 व्होल्ट लिहिलं असेल तर तो जपानपुरता. आपल्या 230 च्या सॉकेटला लावला की गेला. 100-240 असेल तर फक्त पिन बदलायची.

पावसाळ्यात रुळांवर काळा थर लवकर धरतो आणि गाडी अडखळते. सुती कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. पॉलिश पेपर नको, ओरखड्यांत मळ आणखी बसतो. आणि फळी कितीही छोटी असली तरी रूळ सतरंजीवर मांडू नका. धागे गिअरमध्ये गुंडाळले गेले की इंजिन उघडावंच लागतं.

काटो माल एकेका खेपेने काढते आणि खेप संपली की पुढची कधी येईल त्याचा नेम नसतो. मूळ संच आज आणि जोड संच दिवाळीला, असं ठरवलं तर दिवाळीला जोड संच मिळेलच असं नाही. पैसे दोन्हींचे जमेपर्यंत थांबा, आणि तेवढ्यात फळी घासून, पांढरा प्रायमर मारून ठेवा.