नीरोचं सोनं खरं, नाणं खोटं

सोनं अस्सल असलं की नाणंही अस्सल, ही समजूत रोमन नाणी जमवणाऱ्याला सगळ्यात महाग पडते. लंडनमधल्या एका नाणे-मेळ्यात मला विकलेला रोमन सम्राट नीरोचा ऑरियस, म्हणजे रोमन सुवर्णनाणं, चोख सोन्याचाच होता. वजन ७.२८ ग्रॅम. सीझरच्या काळात एका रोमन पौंड (सुमारे ३२७ ग्रॅम) सोन्यात ४० ऑरियस पाडत, नीरोने इ.स. ६४ च्या सुमारास ते ४५ केले. म्हणजे सव्वासात ग्रॅमच्या आसपास वजन हवं, आणि ते होतं. पुस्तकं काय, बनावट करणारेही वाचतात.

एका बाजूला जाड मानेचा नीरो, दुसऱ्या बाजूला आसनावर बसलेला ज्युपिटर. विक्रेता साठीचा, मृदू बोलणारा, अजिबात घाई नसलेला. भाव बाजारापेक्षा जेमतेम कमी. अर्ध्यावर आणला असता तर कुणालाही शंका आली असती. वर तोच म्हणाला, हव्या त्या सराफाकडून तपासून घ्या. वेम्ब्लीतल्या सराफाने यंत्रावर ठेवून सांगितलं, सोनं उत्तम. पण ती परीक्षा धातूची. तांब्यावर वर्षानुवर्षं जसा थर धरतो तसा सोन्यावर धरत नाही, त्यामुळे कालचं आणि एकोणीसशे वर्षांपूर्वीचं सोनं सारखंच झळकतं.

विश्वास बसला तो मुख्यतः सोबतच्या पिवळट चिठ्ठीमुळे. शाईतलं वर्णन, एका स्विस संग्रहाचा उल्लेख आणि १९६२ साल. प्राचीन वस्तूंची चोरटी ने-आण रोखणारा युनेस्कोचा करार १९७० चा. त्याआधीची मालकी दाखवता आली की नाण्याचा भाव चढतो, म्हणून असे कागदही पाडले जातात. सीझरच्या खुनाची आठवण म्हणून ब्रूटसने काढलेलं दोन खंजिरांचं सोन्याचं नाणं २०२० मध्ये लंडनच्या लिलावात ३२ लाख पौंडांच्या वर गेलं. नाणं खरं, मालकीचा इतिहास मात्र रचलेला. २०२३ मध्ये ते अमेरिकेतून ग्रीसला परत करण्यात आलं. माझ्या वाट्याला दोन्ही खोटं आलं.

उलगडा झाला तो जुन्या लिलावांचे फोटो चाळताना. तोच नीरो समोर! एका ठशातून पुष्कळ नाणी पडतात, चेहरा जुळला तर नवल नाही. पण हनुवटीखालची खोच? ती पुढे वापरात पडलेली. दोन वेगळ्या नाण्यांना त्याच जागी, त्याच कोनात मार बसत नाही. अस्सल नाण्यावरून ठसा उचलून माझं नाणं केलं होतं. पाहणाऱ्या तज्ज्ञाने कडेवर साच्याच्या सांध्याची, घासून पुसलेली रेघही दाखवली.

त्यानंतर विक्रेत्याने फोन घेणं बंद केलं. पावतीवर फक्त 'जुनं सोन्याचं नाणं'. नीरो नाही, काळ नाही. व्यवहार रोख. वितळवलं तर मोजलेल्या पैशांचा दहावा हिस्साही हाती येत नव्हता. हाच गृहस्थ मला 'पुढच्या वेळी' डिडियस जुलियानसचं नाणंही मिळवून देणार होता. इ.स. १९३ मध्ये शाही रक्षकांनी मांडलेल्या लिलावात गादी विकत घेऊन हा सम्राट जेमतेम दोन महिने टिकला. असे अल्पायुषी सम्राट दुर्मीळ, म्हणूनच बनावटवाल्यांचे लाडके. एकोणिसाव्या शतकातला कार्ल बेकर हा जर्मन बनावटवाला तर आपली नवी नाणी जुनी दिसावीत म्हणून लोखंडाच्या किसात घालून घोडागाडीतून हिंडवायचा आणि 'म्हाताऱ्यांना फिरवून आणतो' म्हणायचा, असं सांगतात.

पावतीवर सम्राट, काळ, संदर्भग्रंथातला क्रमांक आणि खोटं ठरल्यास पैसे परत, एवढं लिहून मागा. विक्रेता कां-कूं करू लागला तर पुढच्या टेबलाकडे वळा.

इकडे गावाकडे 'शेतात रोमन मोहरा सापडल्या' म्हणत कुणी आलं तर आणखी जपून. दक्षिणेत खरे साठे निघालेत. १८९८ मध्ये पुदुकोट्टईला ५०१ सुवर्णनाणी मिळाली, बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरच छिन्नीचा घाव. पण गुप्तधन सापडलं तर १८७८ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, आणि शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या कायद्याने खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. रात्री फडक्यात बांधून आणलेला माल एक तर पितळेचा असतो, नाही तर पोलिसांच्या कामाचा.